वाऱ्याशी करार : शिडाच्या होड्यांच्या शर्यती

आपल्या हाटपिपल्याच्या परिसरात समुद्र नाही. येथील काळ्या जमिनीत गहू, हरभरा व सोयाबीन पिकते. बागलीच्या बाजूस उगम पावणारी काळीसिंध उन्हाळ्यात बारीक होते. आणि खारे पाणी म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना भूगोलाच्या पुस्तकावरूनच ठाऊक असते. असे असूनही याच तहसिलीतील अमलाताज गावच्या एका शेतकऱ्याच्या कन्येने, नेहा ठाकूर हिने, २६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमध्ये एकोणिसाव्या आशियाई क्रीडास्पर्धांत शिडाच्या होडीच्या शर्यतीचे रौप्यपदक मिळविले. त्या वेळी तिचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. हा खेळ कसा चालतो, त्यात बुद्धीचा भाग किती व बाहूंचा किती, आणि त्यापासून आपण काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

होडी वाऱ्याविरुद्ध कशी जाते?

नेहाची होडी आयएलसीए-४ या जातीची होती. ही होडी ४·२३ मीटर लांब असून तिच्यात एकच खेळाडू बसतो. तिला एक डोलकाठी, ४·७ चौरस मीटरचे एकच शीड, मागे सुकाणू आणि मध्यभागी पाण्यात उभी उतरविलेली एक फळी असते. याच होडीवर मोठे शीड चढविले म्हणजे ती आयएलसीए-६ किंवा आयएलसीए-७ होते. सर्व स्पर्धकांच्या होड्या अगदी सारख्या असल्यामुळे तेथे होडीचा कस लागत नाही, माणसाचा लागतो.

वारा पाठीमागून असता होडी पुढे जाते, हे कोणासही समजेल. परंतु वारा समोरून असता ती पुढे कशी जाते, हे कोडे आहे. कलिंगडाची ओली बी दोन बोटांच्या चिमटीत दाबली म्हणजे ती टणकन पुढे उडते. दोन्ही दाब आडवे असतात, गती मात्र पुढची मिळते. होडीचेही तसेच आहे. फुगलेल्या शिडावरून वाहणारा वारा तिला बहुतांशी आडवी ढकलू पाहतो. पाण्यातील उभी फळी तिला आडवी सरकू देत नाही. या दोहोंच्या चिमटीत सापडून होडी पुढे निसटते.

तथापि थेट वाऱ्याच्या तोंडावर कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी सुमारे ४५ अंशांचा कोन ठेवून प्रथम एका अंगास, मग वळून दुसऱ्या अंगास, असे नागमोडी जावे लागते. भूमितीने हिशेब केला तर १ किलोमीटर सरळ अंतरासाठी सुमारे १·४१ किलोमीटर प्रवास होतो. कोठे वळावे, हाच खरा प्रश्न असतो. वारा क्षणोक्षणी थोडी दिशा बदलतो. जो तो बदल आधी ओळखतो तो पुढे निघतो, आणि जो नुसता बळाने दोर ओढीत राहतो तो मागे पडतो.

शर्यतीचे नियम

किनाऱ्याजवळील शर्यतीत पाण्यावर तरंगत्या खुणा ठेवून मार्ग आखलेला असतो. आरंभापूर्वी पाच मिनिटे सूचना होते आणि निशाणे चढू-उतरू लागतात. होडीला थांबण्यासाठी लगाम नाही, म्हणून सर्व होड्या रेषेमागे घिरट्या घालीत असतात आणि नेमक्या क्षणी वेग धरून रेषा ओलांडू पाहतात. क्षणभर आधी ओलांडली तर परत फिरून यावे लागते. ज्या होडीवर वारा उजव्या अंगाने येत असेल तिला वाट देणे हे डाव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीचे कर्तव्य होय.

या नियमांचा मोडता कोणी घातला तर प्रत्येक होडीमागे पंच नसतो. आपण चुकलो हे ज्याच्या ध्यानात आले त्याने होडी गोल फिरवून दोन वेढे घ्यावेत, ही शिक्षा स्वतःच भोगावी आणि मग पुढे जावे, अशी या खेळाची रीत आहे.

गुणांची पद्धतही ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. आणि सर्वांत कमी गुण ज्याचे तो विजयी. अनेक शर्यती झाल्यावर ज्याची त्याची सर्वांत वाईट शर्यत वगळली जाते. नेहाने ११ शर्यतींत ३२ गुण घेतले. त्यांतील ५ गुणांची शर्यत वगळून २७ उरले. सुवर्णपदक मिळविणाऱ्या थायलंडच्या मुलीचे १६ गुण होते. तिसऱ्या क्रमांकावरील सिंगापूरच्या मुलीचे होते २८! म्हणजे इतक्या दिवसांच्या झुंजीनंतर रौप्य व कांस्य यांत केवळ एका गुणाचे अंतर राहिले. ११ शर्यतींपैकी एखादीत नेहा एकच जागा मागे पडती, तर हे पदक तिच्याकडे निर्विवाद राहते ना. वर्षभरातील लहानसहान चाचण्यांकडे दुर्लक्ष करून अखेरच्या परीक्षेवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा.

माळव्याचे पाणी

मग समुद्र नसलेल्या प्रांतात ही विद्या कोठे मिळाली? भोपाळच्या मोठ्या तलावावर. हा तलाव धारच्या परमार राजा भोजाने अकराव्या शतकात बांधविला अशी परंपरा सांगते. शेतीला व तहानेला पाणी पुरविणाऱ्या या जलाशयावर आज मुलेमुली शिडे उभारून वारा वाचावयास शिकतात. नेहाचे शिक्षण तेथील राष्ट्रीय नौकानयन शाळेत झाले. होशंगाबादच्या हर्षिता तोमर हिनेही २०१८ च्या आशियाई स्पर्धांत कांस्यपदक मिळविले होते. तीही भोपाळच्याच पाण्यावर तयार झाली. पूर्वजाने बांधलेले चांगले काम हजार वर्षांनी कोणत्या रूपाने फळेल, हे सांगता येत नाही.

खोल समुद्रावरील शर्यती

किनाऱ्याची शर्यत तासाभरात संपते. खोल समुद्रावरील शर्यत कित्येक दिवस, प्रसंगी महिने चालते. अशा स्पर्धा बहुधा नौकानयन क्लब भरवितात. भारतातील अशा जुन्या संस्थांपैकी मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली स्थापन झाला. परदेशातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सिडनी ते होबार्ट ही ६२८ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ११६३ किलोमीटरांची शर्यत. ती १९४५ पासून ऑस्ट्रेलियातील एक क्लब भरवीत आला असून ती २६ डिसेंबरला सुटते.

येथे होड्या लहानमोठ्या असतात. मग न्याय कसा करावा? प्रत्येक होडीला तिच्या आकारावरून एक गुणांक देतात व लागलेल्या वेळाला त्याने गुणतात. समजा, मोठ्या होडीचा गुणांक १·१० असून तिला ६०० मिनिटे लागली. लहानीचा ०·९५ असून तिला ६८० मिनिटे लागली. गुणाकार केल्यावर मोठीचे ६६० व लहानीचे ६४६ येतात. सबब आधी पोचलेली मोठी होडी हरते व मागून आलेली लहान जिंकते. साधनांतील विषमता वजा करून कौशल्य मोजण्याची ही युक्ती आहे.

परंतु समुद्र हिशेब मानीत नाही. १९९८ साली सिडनीहून ११५ होड्या निघाल्या; वाटेत भयंकर वादळ झाले; केवळ ४४ होड्या होबार्टला पोचल्या आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले.

आपल्या देशानेही या क्षेत्रात नाव मिळविले आहे. नौदलातील दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नावाच्या शिडाच्या नौकेतून ऑगस्ट २००९ मध्ये मुंबई सोडली आणि ठिकठिकाणी थांबत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून ते मे २०१० मध्ये परतले. असे करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांच्यामागून अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कोठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. पुढे २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागरातील वादळात त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली व त्यांना वाचवून आणावे लागले. तेच टॉमी २०२२ मध्ये पुन्हा त्याच शर्यतीस उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले.

पहिला नियम

या खेळाच्या नियमपुस्तकातील पहिलाच नियम जिंकण्याविषयी नाही. संकटात सापडलेल्या मनुष्यास व नौकेस शक्य ती सर्व मदत करावी, असा तो आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या वेळी कॅनडाचे लॉरेन्स लेमियू एका शर्यतीत दुसऱ्या स्थानावर होते. जोराच्या वाऱ्यात सिंगापूरची एक होडी उलटून तिचे दोन खेळाडू पाण्यात पडलेले त्यांना दिसले. लेमियू यांनी आपली शर्यत सोडून त्या दोघांना वाचविले. पंचांनी त्यांना त्या शर्यतीपुरते दुसरे स्थान परत दिले. शर्यतीचे पदक मात्र त्यांना मिळाले नाही. तरी त्या वर्षीच्या अनेक विजेत्यांची नावे लोक विसरले, लेमियू यांचे नाव विसरले नाहीत.

वारा कोणाच्या मालकीचा नाही. तो अमलाताजच्या शेतावरून वाहतो तसाच महासागरावरूनही वाहतो. त्याला हुकूम करता येत नाही. त्याचा स्वभाव ओळखून आपले शीड मात्र बसविता येते. आपल्या गावी समुद्र नाही, साधने नाहीत, अशी सबब सांगण्यापूर्वी आपल्याच तहसिलीतील या मुलीचे स्मरण करावे, आणि जवळ जो काही तलाव असेल त्यावर अभ्यासाला प्रारंभ करावा.