तोंडातला तुकडा

(कुंभकोणमजवळच्या तिरुनीलक्कुडीत, नीलकंठेश्वराच्या देवळात बसलेल्या आत्या-भाचीचं बोलणं.)

भाची : आत्या, सरफोजी राजांनी १८०६ मध्ये तंजावरात इसापनीती मराठीत छापून घेतली, ‘बालबोध मुक्तावलि’. पाण्यातलं प्रतिबिंब बघून तोंडातला तुकडा घालवणारा कुत्रा इसापाचाच. मग एकनाथी भागवतातला, मांस घेऊन उडणारा कुरर पक्षी वेगळं काय सांगतो? लोभ केला, हातचं गेलं.

आत्या : तुकडा दोघांचाही जातो, पण कुत्र्याला ती शिक्षा होते आणि कुरराची सुटका. ज्यांना मांस मिळालेलं नाही असे बलवान पक्षी कुररावर तुटून पडतात. तो तुकडा टाकतो तेव्हा पाठलाग थांबतो आणि पक्षी सुखी होतो. वैर पक्ष्याशी नव्हतंच, डोळा होता मांसावर. शिवाय कुत्र्याला आणखी एक तुकडा हवा होता. कुरराला जास्तीचं काहीच नको, आहे तेवढंच धरून ठेवायचंय. म्हणजे इसापाचा लोभ ‘आणखी हवं’पाशी सुरू होतो, भागवतातला त्याच्या बराच अलीकडे, मुठीपाशी. १५७३ साली काशीत पूर्ण झालेल्या त्या ग्रंथात मला ही जागा फार मोलाची वाटते.

भाची : भुकेल्यानं धरलेल्या घासाला लोभ म्हणायचं? आणि त्यानं विचार करून थोडाच टाकला, मार खाऊन टाकला.

आत्या : दुसरं कबूल. पक्षी शहाणा झाला असं कविता म्हणतच नाही; शहाणा झाला तो बघणारा अवधूत, पशुपक्ष्यांनाही गुरू मानणारा विरक्त. भुकेचं म्हणशील, तर ऐकणारा कोण ते बघ. अवधूत बोलतोय यदुराजाशी, भरल्या कोठाराच्या धन्याशी. उपाशी माणसापुढं हीच गोष्ट क्रूर ठरली असती. मधमाशीचंही तसंच. फुलाफुलातून थोडं थोडं घ्यावं यासाठी ती गुरू, माधुकरी शब्द त्यातलाच. आणि साठवू नये यासाठीही तीच गुरू! खरी मधमाशी साठवते ती फुलोरा नसलेल्या दिवसांसाठी, तिला लोभी म्हणणं अन्यायच. पण संध्याकाळसाठीसुद्धा ठेवू नको, हे सांगणं भिक्षूला आहे. संसारी माणसाला भागवत पुढं गाठतं : कष्टानं जमवलं, ना दिलं ना भोगलं, ते शेवटी दुसराच खातो, मोहोळातला मध नेणाऱ्यासारखा.

भाची : मग मोहोळ झाडणारा सुटला की! दोष सगळा लुटल्या गेलेल्याचा?

आत्या : इथं मीही थोडी अडखळते. त्या मध काढणाऱ्यालाही अवधूताच्या २४ गुरूंत बसवलंय. पण गुरू म्हणजे आदर्श नव्हे. त्याच यादीत दिव्यावर झेप घेणारा पतंग आहे, पडून राहणारा अजगर आहे. चोराला निर्दोष ठरवणं एक आणि मधाच्या वासानं कोणीतरी येणारच हे सांगणं दुसरं. कविता न्यायनिवाडा करत नाही, एवढंच दाखवते की शिक्षा द्यायला देवाला यावं लागत नाही, साठाच तिला बोलावून आणतो.

भाची : आणि हा इथला देव? त्यानंही गळ्यात साठवलंच की.

आत्या : हलाहल! म्हणून तर त्याच्यामागं कोणी लागलं नाही. उलट लोकच तिळाचं तेल आणून घालतात, आणि ते पिंडीत मुरतं म्हणतात. आपली बाटली कुठाय गं?