बीदरला आलेला रशियन व्यापारी

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला, हे आपण सर्व जण पाठ करतो. परंतु त्याच्या सुमारे पंचवीस वर्षे आधी अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी आपल्या बीदरला राहून गेला होता.

तो त्वेर गावचा. प्रवासाच्या सुरुवातीलाच लुटारूंनी त्याचा माल लुटला. तरी तो इराणमार्गे होर्मुझ बंदरात पोचला आणि घोडा घेऊन गलबताने चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला. एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीने परत मिळाला. पुढे बीदरला त्याने तो विकला.

येथील सरदारांचा थाट, खेड्यांतील लोकांची गरिबी, आळंदची जत्रा, सारे त्याने वहीत लिहिले. परतताना तो दाभोळहून गलबतात बसला. परंतु घरी पोचण्याआधीच, स्मोलेन्स्कच्या वाटेवर त्याचा मृत्यू झाला. त्याची वही मात्र १४७५ साली मॉस्कोला पोचली, म्हणूनच तेव्हाचे बीदर आज आपल्याला कळते.

तेव्हा बीदरचा किल्ला पाहायला जाल तेव्हा वही-पेन्सिल सोबत न्या आणि पाहिलेले स्वतःच्या शब्दांत लिहा, असे आम्ही सर्वांना सांगतो.