संगणक आला, रजिस्टर का सुटत नाही?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीसाठी सॉफ्टवेअर आणि बारकोड आले. तरी रजिस्टरही लिहावेच लागते, काम दुप्पट झाले. आणखी यंत्रे घ्यावीत का?
— एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : आत्ता नकोत. तुमची अडचण यंत्राची नाही, कारभाराची आहे. कोणती नोंद अधिकृत मानायची, हे कार्यकारी मंडळाने ठरवलेलेच दिसत नाही. मग कर्मचारी दोन्ही लिहिणारच, त्यांचा काय दोष?

फरीबोर्झ दमनपूर आणि विल्यम इव्हान यांनी अमेरिकेतील ८५ सार्वजनिक ग्रंथालयांवरचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. तंत्र पुढे धावते, प्रशासन मागे रेंगाळते; ही दरी जिथे कमी, तिथली कामगिरी सरस आढळली. शिवाय प्रशासनातले बदल तांत्रिक बदलांना चालना देतात, उलट तितक्या सहज घडत नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

तपासणीला कोणती रजिस्टरे लागतात, हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी विचारा. बाकीची ठराव करून, तारीख ठरवून बंद करा. बॅकअप कोण घेणार, दंड कोण माफ करणार, वीज गेल्यावर नोंद कुठे, हेही त्याच ठरावात लिहा. पुढच्याच सभेत हा विषय घ्या.