वाट पाहा, पण कशाची?

आई-बाबांनो, लेकरू दोन वर्षांचं झालं तरी 'आई' आणि 'मम्'च्या पुढे जात नाही, हे चारचौघांत कळलं की सल्ल्यांना तोटा नसतो. आजी म्हणते, "अगं, ह्याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला!" आत्या वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगते. कुणी जिभेखालचा पडदा कापून घ्या म्हणतं, कुणी दोन भाषांमुळे पोर गोंधळलंय म्हणतं. सगळं मायेपोटीच, पण त्यात सहा-आठ महिने सहज निघून जातात, आणि या वयात ते फार मोलाचे.

उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं पुढे बरोबरीची होतात, हे खरं. पण कोणतं मूल आपणहून बोलेल आणि कोणाला मदत लागेल, हे नुसतं बघून कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. जिभेखालचा पडदा आखूड असला तर एखादा उच्चार अडेल. शब्दच न येण्याचं कारण सहसा ते नसतं. दोन भाषांनीही बोलणं लांबत नाही. शब्द मोजताना 'भूभू' आणि 'बॉल' दोन्ही धरा.

वर्षाच्या आसपास मूल टाटा करतं, बोट दाखवतं, नावाला वळून बघतं. दोन वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द येतात आणि 'बाबा ये', 'दूध दे' अशी जोडी जमू लागते. समजही बघा: हाताने खूण न करता "चप्पल आण" म्हटलं तर आणतं का? वर्षाचं होऊनही खुणा नाहीत, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत जोडी नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आलेले शब्द गेले, तर वय कोणतंही असो, लगेच दाखवा.

सुरुवात कानापासून करा. "मिक्सर लावला की दचकतो, म्हणजे ऐकू येतं" यावर विसंबू नका. मोठे आवाज ऐकणाऱ्या मुलालाही 'स', 'श' निसटत असू शकतात. वारंवार सर्दी झाली की काही मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकणं कमी-जास्त होत राहतं. ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या तपासण्यांत मुलाला उत्तर द्यावं लागत नाही. बेरा तर बहुधा मूल झोपलेलं असतानाच करतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, आणि गरज असेल तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. ही सेवा मोफत आहे. स्पीच थेरपिस्टकडे गेल्याने मुलावर शिक्का बसत नाही. इतक्या लहान वयात तिथे निम्मं शिकणं तुमचंच असतं.

ते शिकणं असं. "हे काय? ते काय? बोल ना, काकांना सांग!" ही उलटतपासणी थांबवा. मटार सोलायला बसलात की लेकराला शेजारी घ्या. दाणा तोंडात जात नाही ना, एवढं लक्ष असू द्या. त्याने शेंग पुढे केली की म्हणा, "शेंग. उघड शेंग." दाणे ताटलीत टपटपले की, "पडले!" मग दुसरी शेंग हातात धरा, त्याच्याकडे बघा आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत अंक मोजा. तो नुसतं "उ" म्हणेल किंवा बोट करेल. त्याची पाळी झाली. "उघड? चल, उघडू!" म्हणून आपली पाळी घ्या. "नीट बोल" म्हणू नका.

पेल्याला टेकवलेला मोबाइल आणि भरवलेला वरणभात यांत ही पाळी येतच नाही. पडद्यावरचा माणूस बोलत सुटतो, मुलाच्या "उ"साठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय: पहिल्या वर्षी पडदा नको, दुसऱ्या वर्षीही टाळावा, पुढे दिवसाला फार तर एक तास.

तेव्हा वाट जरूर पाहा, अगदी दहा अंक मोजून पाहा, पण ती बाळाच्या पाळीची. कानाच्या तपासणीची वेळ मात्र याच आठवड्यात घ्या.