फॉर्म भरल्यानंतरचं काम

मतदार नोंदणीचा फॉर्म भरला की काम झालं, असं आमच्या महाड-पोलादपुरातली कॉलेजची मुलं धरून चालतात. शिबिरं घेणारे आम्ही शिक्षकही पुष्कळदा तसंच धरतो. 25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस येतो. सभागृहात प्रतिज्ञा होते, मागे दोन टेबलं मांडून फॉर्म भरून घेतले जातात, अहवालाला फोटो लागतो म्हणून फोटोही निघतात. पुढे मतदानाच्या दिवशी त्यातलीच एखादी मुलगी केंद्राच्या दारातून परत येते, कारण यादीत तिचं नाव नसतं. पहिल्याच वेळी असं परत आलेलं मूल पुढच्या निवडणुकीला सहसा स्वतःहून पाऊल उचलत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचं काम सांभाळताना हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की शिबिरात किती फॉर्म भरले हा आकडा मी आता विचारत नाही. यादीत किती नावं लागली, एवढंच विचारते.

कागदावरचा हक्क आणि हातात आलेला हक्क यांतलं अंतर महाडकरांना तरी वेगळं सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही 1924 साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरीही ओंजळीत पाणी आलं ते 20 मार्च 1927 रोजी, डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग माणसं स्वतः तळ्यापर्यंत चालत गेली तेव्हा. त्यानंतर नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 साल उजाडलं. ज्या काळात मत मालमत्ता आणि कर यांवर ठरत होतं, त्या काळात याच बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला होता. हे मी मुलांना दरवर्षी सांगते. भाषण म्हणून नाही सांगत. त्यांच्या हातातल्या फॉर्मचं मोल त्यांना कळावं, आणि ठराव झाला म्हणजे पाणी मिळालं असं होत नाही, हेही कळावं म्हणून सांगते.

पहिली अडचण तारखेची. ‘मॅडम, मतदानाच्या दिवशी मला अठरा पूर्ण होतात, मग मी का नाही?’ हा प्रश्न दर निवडणुकीला येतो. 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेच्या वेळी, त्याच महिन्यात अठरा पूर्ण झालेल्या मुलांचा हिरमोड झाला तो यामुळेच. वय मतदानाच्या दिवशी मोजत नाहीत, अर्हता दिनांकाला मोजतात. पूर्वी ती तारीख वर्षातून एकच होती, 1 जानेवारी. 1 ऑगस्ट 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करण्याची सोय आली. त्यामुळे अकरावी-बारावीतल्या मुलांना ‘अजून वेळ आहे’ असं सांगून परत पाठवू नका. अर्ज आत्ता घ्या, नाव त्या-त्या तारखेला लागेल.

स्थानिक निवडणुकांची गोष्ट आणखी निराळी, आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांच्यासाठी राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो, पण एका ठरावीक दिवसापर्यंतची घेतो आणि तीच प्रभागांत फोडतो. 2 डिसेंबर 2025 च्या नगरपरिषद-नगरपंचायतींच्या मतदानासाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. गणपतीनंतर फॉर्म भरलेल्या मुलाचं नाव विधानसभेच्या यादीत दिसत होतं आणि प्रभागाच्या यादीत नव्हतं. त्याला वाटलं, कोणीतरी मुद्दाम काढलं. तसं काही नव्हतं, पण हे त्याला समजावणारं त्या दिवशी जवळ कोणी नव्हतं. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणं बहुतेक वेळा उशिराचं ठरतं. लोकसभा-विधानसभेलाही उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव घालता येत नाही, आणि अर्जाची तपासणी व्हायला त्याआधीचे काही दिवस लागतातच.

आता पत्ता. नोंदणी गावाकडे करायची की जिथे शिकतो तिथे? वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्हीपैकी एक निवडण्याची मुभा भारत निवडणूक आयोगाने दिलेली आहे. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान वर्षभराचा असावा लागतो, आणि प्राचार्यांचा बोनाफाईड जोडावा लागतो. पण मुभा आहे म्हणून सरसकट सगळ्यांची नावं वसतिगृहाच्या पत्त्यावर लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पोलादपूरच्या कपडे, देवळे, कोतवाल भागातली मुलगी महाडला राहून शिकत असेल, तर नाव महाडला आणून तिला आमदार-खासदाराच्या मतदानात काहीच वेगळं मिळत नाही. दोन्ही तालुके एकाच 194 महाड विधानसभा मतदारसंघात आणि एकाच रायगड लोकसभा मतदारसंघात आहेत. ती गमावते मात्र स्वतःच्या ग्रामपंचायतीतलं मत. जिथे तिच्या वाडीचा रस्ता, नळयोजना आणि अंगणवाडी ठरते, तिथलंच मत जातं. तीन वर्षांनी वसतिगृह सुटतं आणि महाडच्या यादीतलं नावही पोरकं होतं. पुण्याला किंवा नवी मुंबईला चार वर्षांसाठी गेलेल्या मुलाचा हिशेब वेगळा आहे. मंगळवारी मतदान आणि बुधवारी परीक्षा असेल, तर तो कशेडी किंवा वरंध घाटाच्या पायथ्याशी येणार नाही, हे उघड आहे. 7 मे 2024 ला रायगडचं लोकसभेचं मतदान झालं तेव्हा कितीतरी मुलं सुट्टीतल्या कामासाठी मुंबईत नातेवाइकांकडे होती. विद्यार्थ्याला टपाली मत नसतं, ऑनलाइन मत तर कोणालाच नाही. म्हणून पत्ता विचारण्याआधी मी एकच विचारते: मतदानाच्या दिवशी तू खरोखर कुठे असशील?

यातूनच दुबार नावाचा धोका येतो. आपल्याकडे घराघरांतून कोणीतरी मुंबईला. चाकरमान्यांची नावं गावालाही असतात आणि तिकडेही, आणि ‘सगळेच करतात’ म्हणून मुलंही तेच करायला निघतात. कायद्याने एका व्यक्तीचं नाव एकाच ठिकाणी असू शकतं. गावात नाव असताना नवीन नोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म भरणं म्हणजे आपलं नाव कुठेही नाही असं खोटं लिहून देणं, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. ठिकाण बदलायचं असेल तर आठ नंबरचा फॉर्म भरायचा. नाव, जन्मतारीख, फोटो यांतली चूक दुरुस्त करायलाही तोच. पक्षाचा कार्यकर्ता गठ्ठ्याने सहा नंबरचे फॉर्म घेऊन कॉलेजच्या गेटवर आला, तर मुलांनी आधी यादीत आपलं नाव शोधावं, मग पेन हातात घ्यावं. आणि आपला फॉर्म आपल्याच हाताने द्यावा.

फॉर्म दिल्यावर काय होतं, हे मुलांना कोणी सांगत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त नावं इथेच गळतात. अर्ज गावच्या बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) पडताळणीला जातो. बीएलओ म्हणजे बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, स्वतःची नोकरी सांभाळून दारोदार फिरणारी. ती वाडीवर जाते तेव्हा मूल महाडला आणि आईबाप कामाला मुंबईला असतात, दाराला कुलूप. शेजारी सांगतात, ‘इथं कोणी राहत नाही.’ अर्ज नामंजूर. मुलाला काही कळत नाही, कारण शिबिरात वर्गप्रतिनिधीने सगळ्यांच्या फॉर्मवर स्वतःचाच मोबाईल नंबर टाकलेला असतो. संदेश येतात ते त्याच्या फोनवर, आणि तो ते वाचत नाही. असा एक पूर्ण वर्ग माझ्या डोळ्यांदेखत यादीबाहेर राहिला. त्यात पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्या मुली बहुसंख्य होत्या.

तेव्हापासून आमच्या शिबिरात प्रत्येकाचा स्वतःचा नंबर, नाहीतर घरातला, लागतो. आतल्या वाड्यांवर रेंज नसते, म्हणून ऑनलाइन अर्ज कॉलेजातच भरतो आणि मिळालेला संदर्भ क्रमांक मुलाच्या वहीत लिहून घेतो, फोनमध्ये ठेवून भागत नाही. कागदी अर्ज असेल तर खालची पोच फाडून घेतल्याशिवाय मुलं उठत नाहीत. बीएलओचं नाव आणि नंबर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यांना मूल स्वतः फोन करतं: ‘ताई, मी अमक्या वाडीतली, घर बंद दिसेल, पण शनिवारी मी असते.’ या एका फोनने जेवढी नावं वाचली तेवढी दुसऱ्या कशानेच वाचली नाहीत. घरातल्या कोणाचं नाव आधीच यादीत असेल, तर त्यांच्या ओळखपत्राचा क्रमांक अर्जात अवश्य लिहावा, पडताळणी सोपी होते.

कागदपत्रांचं दुखणं आमच्या भागात 2021 पासून जास्त आहे. 22 जुलैच्या पुरात महाड बुडालं, त्याच दिवशी तळियेवर आणि पोलादपूरच्या केवनाळे, सुतारवाडीवर दरड कोसळली. माणसं गेली तिथे कागदांचं काय घेऊन बसायचं, असं तेव्हा वाटायचं. पण नंतर दाखल्यावाचून मुलं अडली. वयासाठी जन्मदाखला, दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र, पॅन, आधार यांतलं काहीही चालतं. बोर्डाच्या प्रमाणपत्राची दुसरी प्रत मंडळाकडून मिळते, ती आधी काढून घ्यावी. पत्त्याला वीजबिल आईवडिलांच्या नावावरचं चालतं. सगळीकडे नावाचं स्पेलिंग मात्र एक असू द्या.

मतदानाच्या दिवशी कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते, कारण गळ्यात ते आयकार्ड घालून ऐटीत गेलेली मुलं परत आलेली आहेत. मतदार ओळखपत्र नसेल तर आयोगाने ठरवलेल्या पर्यायांतलं एक लागतं: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, जॉबकार्ड, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड आणि असे काही. घरी आलेली मतदार माहितीची चिठ्ठी खोली आणि अनुक्रमांक शोधायला उपयोगी, पण ओळख म्हणून तिच्यावर एकटीवर भागत नाही. उलट ओळखपत्र खिशात असूनही यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करत शिकणाऱ्या मुलांना मी आवर्जून सांगते की मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे, रोजंदारीवाल्यालाही. ठेकेदार नाही म्हणाला तर 1950 या मतदार हेल्पलाइनवर तक्रार करा. कोणी तुमच्या नावावर आधीच मत टाकून गेलं असेल, तर रडत परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा, ते मतपत्रिकेवर वेगळं घेतात. आणि वेळ संपताना रांगेत उभे असाल, तर तुमचं मत घेतल्याशिवाय केंद्र बंद होत नाही.

एकदा लागलेलं नाव कायम राहतं, अशाही भरवशावर राहू नये. 2025 साली बिहारमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण झालं, तेव्हा 1 ऑगस्टच्या प्रारूप यादीत आधीच्या यादीतली सुमारे 65 लाख नावं नव्हती. कारणं सांगितली गेली ती मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद अशी. घरं बंद करून मुंबईला जाणाऱ्या आमच्या तालुक्यांनी यातून सावध व्हायला हवं. म्हणून मी शिबिर जानेवारीत घेत नाही, ऑगस्टमध्ये घेते. गौरी-गणपतीला अख्खी वाडी गावात असते, चाकरमानी आलेले असतात, घरं उघडी असतात. त्या सुट्टीत मुलांना काम एवढंच: गावची यादी डाउनलोड करायची आणि आपल्या आळीतली घरं तिच्याशी ताडून पाहायची. वारलेल्या आजोबांचं नाव अजून असेल तर सात नंबरचा फॉर्म, लग्न होऊन आलेल्या वहिनीचं नाव माहेरीच असेल तर आठ नंबरचा. वहिनीचं काम मुली फार मनापासून करतात, कारण उद्या त्यांचंही नाव असंच मागे राहणार असतं.

अर्ज नामंजूर झाला तर गप्प बसायचं नाही. कारण लेखी मागायचं, तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत किंवा प्रांताकडे. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर जिल्हाधिकाऱ्यांकडे पंधरा दिवसांत अपील करता येतं, आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर त्यापुढे तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. अपिलाचा मसुदा आम्ही कॉलेजात मुलांकडूनच लिहून घेतो, मराठीत, एका पानाचा: संदर्भ क्रमांक, अर्जाची तारीख, नामंजुरीचं कारण आणि ते कसं चुकीचं आहे याचा एक पुरावा. घर बंद होतं असं कारण असेल, तर ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणि कॉलेजचा बोनाफाईड सोबत जोडतो.