'डेकोरेट' या क्रियापदाचे अर्थ व उपयोजन

प्रास्ताविक
'डेकोरेट' या इंग्रजी क्रियापदाचा 'सजवणे' हा प्रतिशब्द आपल्या परिचयाचा आहे. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. 'राणे वॉज डेकोरेटेड विथ द परमवीर चक्र' या वाक्याचा अनुवाद 'राणे यांना परमवीर चक्राने सजवण्यात आले' असा केल्यास व्याकरण सांभाळले जाते. पराक्रमाचा सन्मान मात्र हरवतो. हा दोष कसा टाळावा, ते पाहू.

व्युत्पत्ती
या क्रियापदाचे मूळ लॅटिन 'डेकस' या नामात आहे. त्या नामाला 'शोभा' आणि 'सन्मान' असे दोन्ही अर्थ आहेत. पुढील अर्थछटांचा उलगडा यातूनच होतो.

अर्थछटा
१. शोभा आणणे : येथे कर्म वस्तू किंवा स्थळ असते. शोभेचे साधन 'विथ' या शब्दाने दाखवतात. मराठीत तेथे तृतीया येते. मात्र मराठीत आपण मखर सजवतो, पोळ्याला बैल शृंगारतो आणि देव्हारा चांदीने मढवतो. क्रियापदाची निवड कर्मानुसार करावी.
२. रंगरंगोटी करणे : ब्रिटिश इंग्रजीत खोली 'डेकोरेट' करणे म्हणजे भिंती रंगवणे किंवा त्यांना शोभेचा कागद लावणे. येथे तोरणे, पताका अभिप्रेत नसतात.
३. पदक देऊन गौरवणे : येथे कर्म व्यक्ती असते. 'विथ'नंतर पदकाचे नाव येते, तर 'फॉर'नंतर गौरवाचे कारण. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा–राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे शत्रूच्या माऱ्यात दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली. त्यामुळे आरंभीच्या वाक्याचा योग्य अनुवाद असा होईल : 'राणे यांना परमवीर चक्र प्रदान करून गौरवण्यात आले.'

लक्षात ठेवा
'नवरी नटवली' या वाक्याच्या इंग्रजी अनुवादात 'डेकोरेट' योजू नये. व्यक्ती कर्म असताना हे क्रियापद प्रायः गौरवाचा अर्थ देते.

स्वयं-अध्ययन
पुढील वाक्यांचा मराठी अनुवाद करा.
(अ) दे डेकोरेटेड द केक विथ चेरीज.
(आ) द बेडरूम नीड्स डेकोरेटिंग.
(इ) शी वॉज डेकोरेटेड फॉर ब्रेव्हरी.

उत्तरसूचना : प्रथम कर्म ओळखा. (आ) व (इ) मध्ये ते कर्त्याच्या स्थानी आले आहे. त्यानंतरच मराठी क्रियापद निवडा.