परदेशांतील भाकर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील कित्येक मुलें परदेशीं उद्योग शोधूं इच्छितात; त्यांच्यापुढें आम्ही वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांचें उदाहरण ठेवितों.

इंग्रजी सत्तेविरुद्ध झगडल्यामुळें त्यांना स्वदेशाचें दार बंद होतें. १९२४ सालीं ते मेक्सिकोंत गेले. गांठीस होती ती अमेरिकेंत संपादिलेली शेतकीविद्या. तेथील स्पॅनिश भाषा आत्मसात् करून ते चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयांत शिकवूं लागले. जशी आमची जोंधळ्याची भाकर, तशी तेथील मक्याची. त्याच मक्याचें त्यांनीं संशोधन केलें व गरीब शेतकऱ्यांकरितां शेतकीच्या शाळा चालविल्या.

विद्यार्थ्यांनो, जो केवळ आपली भाकर शोधितो तो परकाच राहतो. यजमानाच्या भाकरींत जो भर घालितो, तो घरचा होतो.